गुण आलेल्याचा हात

आमच्या घराण्यात फेफऱ्यावरचं औषध आहे. चारशे वर्षांपासून आहे असं अण्णा सांगतो. मी दोनशे धरून चालते, कारण माझ्या या थोरल्या भावाला कुठलीही गोष्ट दुप्पट करून सांगायची सवय आहे. त्याच्या मते शहाजीराजांच्या मागोमाग आमचे कुणी पूर्वज बेंगळुरात आले, येताना त्यांनी हे औषध आणलं. पुढे वैद्यकी सुटली, माणसं कचेऱ्यांतून कारकून झाली, पण औषध तेवढं राहिलं. ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी, आणि हे सगळं ज्यात कढवायचं ते गाईचं तूप दहा वर्षांहून जुनं. एक मंडल घ्यायचं, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, रोज सकाळी रिकाम्या पोटी एक चमचा, आणि जेवणाचं साधं पथ्य.

त्याचे नियम दोन. पहिला, मंडल चालू असताना दुसरं कुठलंही औषध पोटात जाता कामा नये. गेलं तर तूप रुसतं. दुसरा, पहिला चमचा वैद्यानं द्यायचा नाही. ज्याला या औषधानं गुण आला आहे, त्याच्या हातून तो गेला पाहिजे.

तो हात म्हणजे मी. वसुमती, वय अडुसष्ट. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, आता राजाजीनगरात अण्णाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकटी राहते.

सोळाव्या वर्षी मला फिट येऊ लागल्या. कसं वाटायचं म्हणून लोक विचारतात. खरं सांगू का, सुरुवातीला फार छान वाटायचं. आधी वेखंडाचा वास यायचा, तान्ह्या बाळाला चाटवायला सहाणेवर उगाळतात तसा ओला. मग आजूबाजूचे आवाज एकेक करून दूर जायचे आणि मी एका तळ्याच्या काठी उभी असायची. दगडी पायऱ्या, पाण्यावर कमळाची पानं, पलीकडे नारळीची रांग. उजेड सकाळचाही नसायचा आणि संध्याकाळचाही नसायचा. सगळ्यात खालच्या पायरीवर एक बाई पाठमोरी बसून धुणं धुवायची, आणि मागे न बघताच म्हणायची, "बा, वसू." आमच्या घरात कन्नड इतकं मिसळलंय की ‘ये’ म्हणायला स्वप्नातली बाईसुद्धा ‘बा’च म्हणायची. मी एक पायरी उतरायची. तेवढ्यात सगळं विझायचं. जाग यायची ती जमिनीवर, जीभ चावलेली, परकर ओला, आणि भोवती घाबरलेली माणसं.

पुढच्या फिटला मी आधीच्यापेक्षा एक पायरी खाली असायची. पायऱ्या बारा होत्या. मी मोजल्या होत्या.

वडिलांनी मला औषध सुरू केलं. एका मंडलात गुण आला, पुन्हा म्हणून कधी फिट आली नाही, आणि बेंगळुरातल्या आमच्या सगळ्या मराठी घरांत माझं नाव झालं. ही झाली घरात सांगितली जाणारी गोष्ट.

खरी गोष्ट अशी. मंडलाच्या एकतिसाव्या दिवशी मला न्हाणीघरात फिट आली, अकराव्या पायरीवर. वडील आणि अण्णा घरात नव्हते. आईनं दार ढकलून मला बाहेर काढलं, अंग पुसलं, आणि कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन येतो असं सांगून ती मला एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिलं, एवढंच मला आठवतं. त्यानंतर रोजचं तूप जरा खरखरीत लागायचं. मंडल संपलं, तर आईनं सकाळी एक चमचा लोणी-साखर सुरू केली, शक्तीसाठी म्हणून. तीही खरखरीत. मला वाटायचं, साखरच लागतेय.

सात वर्षांनी लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं खोलीचं दार लावून घेतलं आणि माझ्या हातात एक पितळी डबी ठेवली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या. "तूप तुझ्या वडिलांचं होतं," ती म्हणाली, "गोळी माझी. वडिलांना कळू देऊ नकोस, ते मोडतील. सासरी कळू देऊ नकोस, ते तुला मोडतील."

मी तोंडात गुळणी धरली ती धरलीच. डॉक्टर बदलले, गोळ्यांचे रंग बदलले, डबी तीच राहिली. माझे यजमान मधुकर, फार शांत माणूस. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत ते रोज सकाळी माझ्या कॉफीच्या लोट्याशेजारी एक पाण्याचा पेला भरून ठेवायला लागले. कशाला म्हणून मी विचारलं नाही, आणि डबीत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. ते गेल्याला सहा वर्षं झाली. आता पेला माझा मीच भरते, आणि रोज त्यांची आठवण येते.

पण एक माणूस मी कधीच विसरू शकत नाही. होसकोटेचा बसवंत. अण्णाकडे आला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, सोबत बायको, शिवलीला, पोटुशी. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. अण्णानं त्या बंद करायला लावल्या, मी माझ्या या हातानं त्याला पहिला चमचा दिला आणि वर हसून म्हणाले, "मला बघा ना, कशी आहे!" विसाव्या दिवशी तो गावच्या तळ्यावर आंघोळीला गेला, तो परत आला नाही. आम्ही दोघं भेटायला गेलो. अण्णानं शिवलीलेला विचारलं, "पथ्य मोडलं होतं का?" ती रडत म्हणाली, "एकदा लग्नात जेवले होते." अण्णानं मान हलवली. मी शेजारी उभी होते. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण मला लाज वाटली आणि भीती वाटली, आणि त्यासाठी मी स्वतःला आजवर क्षमा केलेली नाही.

त्यानंतर अण्णाकडे येणारे कमी झाले. लोक शहाणे झाले असं मी मनाशी म्हटलं आणि सुटल्यासारखं वाटून घेतलं. जुन्या तुपाची बरणी देवघराच्या खालच्या कप्प्यात मेण लावून बंद होती. ती आता तशीच राहील अशी माझी समजूत होती.

आणि गेल्या डिसेंबरात अण्णाचा फोन आला. "वसू, गुरुवारी सकाळी ये. हर्षिताचं मंडल सुरू करायचंय."

हर्षिता म्हणजे अण्णाची नात, त्याचा मुलगा श्रीवत्स आणि सून स्मिता यांची मुलगी, वय सतरा. लाडानं आम्ही तिला पुट्टी म्हणतो, म्हणजे छोटी. जुलैपासून तिला तीन फिट आल्या होत्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिट थांबल्या, पण पोर दिवसभर पेंगायची. दुसऱ्या पीयूची, म्हणजे बारावीची, परीक्षा तोंडावर आलेली. अण्णा दर आठवड्याला श्रीवत्सच्या कानाशी लागायचा, की आपल्या घरचं औषध घरात असताना पोरीला हे विष कशाला? श्रीवत्स शेवटी वडिलांचाच मुलगा. तो विरघळला.

बुधवारी संध्याकाळी मी गेले तर अंगणात ब्राह्मीच्या जुड्या पडल्या होत्या. आमच्याकडे हिला वंदेलगा म्हणतात, आणि एरवी तिची चटणी करून खातात. निवडायला मी आणि हर्षिता बसलो. स्मिता बाहेर आली. ही पुण्याची, लग्नानंतर इथे आलेली, मोठ्या कंपनीत नोकरी करते, स्पष्ट बोलते, म्हणून मला आवडते.

"आत्या, खरं सांगू? माझा या सगळ्यावर झिरो विश्वास आहे," ती म्हणाली. "अचानक गोळ्या बंद करणं डेंजरस असतं, असं डॉक्टर क्लिअरली म्हणालेत. पण बाबा म्हणतात, वसूकडे बघ. आणि तुमच्याकडे बघितलं की माझं आर्ग्युमेंटच संपतं. बावन्न वर्षं एकही फिट नाही म्हणजे जोक आहे का? तुम्ही आहात म्हणूनच मी हो म्हटलंय."

"हं," असं काहीसं मी पुटपुटले आणि देठं खुडत राहिले. ती आत गेली.

थोड्या वेळानं हर्षिता हळूच म्हणाली, "अज्जी, तुला फिटच्या आधी काय दिसायचं?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. अण्णा विचारायचा किती वेळ टिकायची, डॉक्टर विचारायचे किती वेळा यायची. मी तिला तळ्याचं सांगितलं. पायऱ्यांचं सांगितलं, बाईचं सांगितलं.

ती हातातलं पान विसरून ऐकत होती. "मला बस दिसते," ती म्हणाली. "मॅजेस्टिकचा स्टँड, पण एक माणूस नाही. सगळीकडे पिवळा उजेड. एक रिकामी बस येते, आणि ड्रायव्हर मला ओळखतो. तो काही बोलत नाही, नुसतं दार उघडतो. मला इतकं बरं वाटतं ना अज्जी, की रडू येतं. मागच्या वेळी मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता."

मॅजेस्टिकच्या त्या बसस्टँडच्या जागी एके काळी तळं होतं. ते आटवून, बुजवून तिथे स्टँड केला, हे मी तीस वर्षं मुलींना शिकवत आले. शिकवताना दर वेळी वाटायचं, मी उभी असायची ते तळं हेच. गोळ्यांनी माझं तळं आटवलं आणि गावानं गावाचं. आता या पोरीला त्याच जागेवर बस न्यायला येत होती.

"आता गोळ्यांमुळे येत नाही ती," हर्षिता म्हणाली. "तुला तुझं तळं आठवतं का गं? स्वल्प तरी?"

"रोज," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण पुढचं खरं काही तोंडातून बाहेर येईना. अण्णा ओसरीवर येऊन उभा राहिला होता, बहात्तर वर्षांचा, हातात वेखंडाचे तुकडे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की कितीतरी वर्षांत मी पाहिला नव्हता. टेलिफोन खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे औषध म्हणजे सगळं काही होतं. "वसू, बरणी उघडली," तो म्हणाला. "वडिलांच्या हातची शेवटची. लाखेसारखा रंग आलाय." आई म्हणाली होती, ते मोडतील. तिनं वडिलांबद्दल म्हटलं होतं, पण अण्णाकडे पाहताना मला तेच शब्द आठवले.

गुरुवारी सकाळी आठला मी देवघरात होते. औषध रात्रभर गार होऊन वाटीत आलं होतं, काळपट हिरवं. हर्षिता पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसली होती, न्हाऊन, केस मोकळे. श्रीवत्स भिंतीला टेकून उभा. स्मिता दारात, हाताची घडी घालून. तिच्या बोटांची सारखी चुळबुळ चालली होती. अण्णानं देवापुढे नमस्कार केला, चांदीचा चमचा माझ्या हातात दिला आणि वाटी पुढे केली.

मी चमचा बुडवला आणि वेखंडाचा वास आला.

क्षणभर मला कळेना, वास वाटीतला की डोक्यातला. समईची ज्योत जरा लांब गेली. बाहेर भाजीवाला ओरडत होता, त्याचा आवाज पाण्याखाली गेला. आणि मी तळ्याच्या पायऱ्यांवर होते. कमळाची पानं तशीच, नारळी तशाच, उजेड तोच. फक्त या वेळी मी वरून बघत नव्हते. मी खाली होते, बाराव्या पायरीवर, पाण्याशी. माझ्यामागून कुणीतरी उतरत येत होतं. ओल्या केसांची मुलगी, एकेक पायरी, विश्वासानं. तिच्यामागे आणखी कुणी होतं, टॉवेल खांद्यावर टाकलेला एक तरुण माणूस. मी वळले नाही. मी फक्त म्हणाले, "बा, पुट्टी."

"आले, अज्जी," हर्षिता म्हणाली आणि पाटावरून पुढे सरकली. तिनं आ केला होता.

हे मी मोठ्यानं म्हटलं होतं. देवघरात, चमचा हातात धरून. इतकी वर्षं मी विचार करत होते की ती पाठमोरी बाई कोण असेल.

मी चमचा वाटीत परत ठेवला.

"काय झालं?" अण्णा म्हणाला.

कमरेच्या पिशवीतून मी पितळी डबी काढली. सकाळची गोळी अजून घ्यायची होती. वेखंड कुटलेला खलबत्ता तिथेच होता. मी गोळी खलात टाकली आणि बत्ता हाणला. टक् टक् असा आवाज आला आणि मला आईची सकाळ ऐकू आली, न्हाणीघराशेजारच्या कोपऱ्यातली, सगळे उठायच्या आधीची. ती पूड मी चमच्यात घेतली, वर तूप घातलं, बोटानं कालवलं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं. कडू जहर. आणि खरखरीत.

"ही माझी गोळी," मी म्हणाले. "फिटची. बावन्न वर्षं रोज घेते आहे. आई मला अशीच द्यायची."

"कुठली आई?" अण्णानं विचारलं.

"आपल्याला एकच होती, अण्णा."

मग मी सगळं सांगितलं. एकतिसावा दिवस, दवाखाना, लोणी-साखर, डबी. श्रीवत्स मटकन खाली बसला. स्मितानं तोंडावर हात धरला आणि रडायला लागली. रागानं की सुटकेनं, मला कळलं नाही. दोन्ही असेल, आणि दोन्हीवर तिचा हक्क होता.

अण्णा वाटीकडे बघत होता. "दुसरं औषध पोटात होतं," तो हळू म्हणाला. "तूप रुसलं असेल."

"रुसलं असेल. मला काही बोललं नाही."

एरवी तो चिडला असता. आता तो वाटी खाली ठेवून बसला. बाहेर भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला. मग अण्णानं वर पाहिलं, आणि तो काय विचारणार हे मला आधीच कळलं.

"म्हणजे बसवंत पथ्य मोडल्यामुळे गेला नाही."

"नाही."

"मी त्याच्या बायकोला विचारलं होतं. तिच्या घरी बसून. तिला वाटलं असेल, लग्नात जेवला म्हणून गेला."

"मी शेजारी उभी होते, अण्णा. तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

त्याचे डोळे भरून आले. माझेही. आम्ही दोघं म्हातारे देवासमोर लहान पोरांसारखे रडलो, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. लाज होती ती आधीची, आणि ती अजून बराच काळ पुरणार आहे.

"शिवलीला होसकोटेतच असेल का?" अण्णानं विचारलं.

"असेल. रविवारी जाऊ. दोघं."

"सरी, जाऊ," तो म्हणाला.

या सगळ्यात हर्षिता केव्हा उठून गेली ते कुणाला कळलं नाही. ती परत आली तेव्हा तिच्या मुठीत गोळ्यांची पट्टी होती. पुन्हा पाटावर बसली, पूर्वेकडे तोंड करून. तिचा चेहरा उतरला होता. ती सावकाश म्हणाली, "म्हणजे बस आता कधीच नाही येणार."

"पेंग येते ते डॉक्टरांना सांगू, गोळी बदलून मागू. माझी चार वेळा बदलली," मी म्हणाले. "बसचं मात्र तसंच आहे. आठवेल तुला. पण बेटा, त्या बसमधून परत आलेलं कुणी मला माहीत नाही."

मग तिनं पट्टीतून एक गोळी फोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"तू दे," ती म्हणाली. "नियम आहे ना, गुण आलेल्याच्या हातून."

मी अण्णाकडे पाहिलं. नियम त्याचा होता. त्यानं तुपाची वाटी उचलून बाजूला ठेवली, देवाजवळच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि पेला नातीच्या हातात दिला.

"मंडल अठ्ठेचाळीस दिवसांचं असतं," तो म्हणाला. "या गोळीचं किती दिवसांचं?"

"डॉक्टर सांगतील. माझं अजून चालू आहे."

हर्षितानं आ केला. मी गोळी तिच्या जिभेकडे नेली, पण माझा हात कापायला लागला, इतका की गोळी खाली पडणार होती. तेव्हा अण्णानं आपला हात पुढे करून माझं मनगट खालून धरलं.